हुरडा आणि गार हवा

जळगाव जामोदच्या बाजारात परवा हुरडा भाजल्याचा वास आला आणि वंदा आठवली, चौथीतली माझी मैत्रीण. तेव्हा शेतातल्या आगटीभोवती आम्ही मुली गरम दाणे चावत होतो. वंदा मात्र ते दगडाने चेचून, तोंडावर रुमाल धरून एकाच गालात घोळवत होती. रुमाल सरकला की तिच्या दातांवरचे पिवळे, खरबरीत डाग दिसत. मी घरात येणाऱ्या आरोग्याच्या माहितीपत्रकांवर वाढलेली. दातांच्या स्वच्छतेचं पत्रक तर पाठच होतं. ते सगळ्यांसमोर म्हणून दाखवत मी बजावलं, "दात घासत जा!"

मुली हसल्या. वंदाने तोंडावरचा रुमाल काढला.

"रोज घासतो वं. डॉक्टर म्हणे, दातावरचं कवचच कच्चं आलं. तोंडानं श्वास घेऊन पाह्य. काही होते?"

मी आ करून थंड हवा ओढली. काहीच झालं नाही.

"मले झणकन कळ येते. नाक चोंदलं की तं रडूच येते. हे तुह्या पत्रकात काऊन नाही?"

आता पत्रकं मीच लिहिते. परवा बाजारातही आ करून पाहिलं. तेव्हाही काही झालं नाही. घरी येऊन नव्या पत्रकात 'दात घासा'च्या वर एक ओळ लिहिली: चावताना, श्वास घेताना दुखतं का, हे आधी मुलाला विचारा.