बेटावरचा गार दगड

ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या! मी उदगीरचा, मोंढ्यात धान्याच्या आडतीवर बसणारा माणूस. अंगात येणं, नजर, उतारे... असल्या थोतांडाला आयुष्यात भीक घातली नाही. आजही घालत नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळानं सगळ्यांना घुसळून काढलं होतं. आमचं जुनं गाव तलावात गेलेलं, मागची टेकडी तेवढी बेट होऊन उरलेली. त्या साली पाणी पार खाली गेलं आणि बेटाचे काळे कडे, घाटाच्या पायऱ्या, फुटका नंदी, वीरगळ - सगळं उघडं पडलं. आम्हा लिंगायतांच्या समाध्यासुद्धा. नव्या रस्त्यांच्या खडीसाठी ठेकेदारानं तिथलेच दगड फोडायला घेतले. त्यात आमच्या आईची समाधी होती!

मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, गुळाच्या काहिलीची नाव करून बेटावर गेलो. भर दुपार. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "तुमची कोणची ते दाखवा, तेवढी सोडतो."

दाखवणार कशी? आमच्यात माणसाला बसवून पुरतात, वर दगड ठेवतात. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्यावर नाव कोरू दिलं नव्हतं. "शिवात मिळाली, आता नाव कशाला?" साऱ्या गावाचा तोच रिवाज. सगळे दगड सारखे, वर वाळलेला गाळ.

"मालक, कोणचा बी एक धरा अन् मोकळे व्हा."

"कोणचा बी? आई हाय माझी, ज्वारीचं पोतं न्हाई!" मी उखडलोच.

अक्का समाध्यांत अनवाणी फिरत होती. पाय भाजत होते, तरी एकेका दगडाला हात लावून नमस्कार करत होती. एका दगडापाशी थांबली ती हालेचना.

"शिवा... ह्यो गार हाय रे!" तिनं मला हाक मारली.

मी हात लावला. माठासारखा गार! शेजारच्याला लावला तर चटका. खाली ओल असेल म्हणून कडेनं उकरलं - माती ठणठणीत कोरडी. मुकादमानंही हात ठेवला, झटकन काढला. "ह्याला घण न्हाई लागायचा," एवढंच बोलला. अक्कानं दगडाला गाल लावला आणि पोटभर रडली.

इंजिनिअरांना विचारलं, शास्त्राच्या मास्तरांना विचारलं. म्हणे ऊन लागलं असेल. तिघांना एकदम, अन् एकाच दगडाला? खुलासा माझ्याकडं आजही नाही, आणि त्याची लाजही वाटत नाही. दोस्त चिडवतात, "शेवटी भूत मानलंसच की!"

मला काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या आईला भूत म्हणाल तर याद राखा.