मास्कच्या कपाटातला गूळ

महाप्याच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये मी स्टोअर सांभाळतो. वेल्डरांचे मास्क ठेवायच्या कपाटात मी गूळ ठेवत असे, कारण मास्क कधी आलेच नाहीत. पाळी संपली की प्रत्येकाला एक खडा. गूळ छातीतला धूर ओढून घेतो, ही आमच्याकडची पक्की समजूत. आणि मी बी.कॉम. असल्यामुळे ती शास्त्रीय आवाजात सांगायचो. गूळही सेंद्रिय हं, मालकांनी खास मागवलेला! धूर बाहेर फेकणारा पंखा मात्र बंद. त्यात कबुतरांनी संसार थाटलेला, आणि त्यांना हलवणं मालकांना पाप वाटत होतं. त्यांच्या केबिनमध्ये हवा शुद्ध करायचं यंत्र होतं. तिथे कबुतरं जात नसत.

या शेडमध्ये माझ्या मेहुण्याला वेल्डर म्हणून मीच चिकटवला. गेल्या वर्षापासून त्याला सारखा ताप, खोकला. "भाज्या खात नाही, इम्युनिटी कमी आहे त्याची," मी जेवताना निदान केलं.

"तुमची बरी आहे," बायको म्हणाली. "स्टोअरला दार आहे ना."

वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कामावर तोंडाला काय लावता?"

मेहुण्याने खिशातून रुमाल काढून दाखवला. "शिवाय दाजी गूळ देतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत जेवढं लहान होता येईल तेवढं झालो.

"गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. रोज धातूचा धूर गेला की तिथली प्रतिकारशक्ती लुळी पडते, मग जंतूंचं फावतं. पुन्हा झाला तर जिवावर बेतेल. शेडमध्ये हवा कशी आहे ते कंपनीकडून लिहून आणा. कामावर पाठवायचं की नाही, ते बघून ठरवते."

मालकांनी मजकूर सांगितला. "लिहा, खेळती हवा, वेल्डिंग अधूनमधून." माझा हात थरथरला वगैरे लिहायला बरं वाटलं असतं. नाही थरथरला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, शिक्काही सरळ मारला.

घरी बायको म्हणाली, "वाचा त्याच्यासमोर."

वाचलं. 'खेळती हवा'पाशी मेहुण्याला जी उबळ आली, ती थांबेपर्यंत मी कागद धरून उभा.

"छान लिहिलंय, दाजी," डोळे पुसत तो म्हणाला. "सोमवारी कामावर जातो मग."

एवढं ऐकल्यावर कुठे मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कागद घरी ठेवून बाईंना सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी लिहून दिलं: वेल्डिंग कायमचं बंद. मालकांनी त्याला दुसरं काम दिलं नाही. तो घरी बसलाय, पण श्वास घेतोय.

त्याच्या जागी लगेच नवा वेल्डर आला. त्याची बहीण माझ्या घरात नाही, म्हणून त्याला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.