दादाचा श्रीकार

रॉकेलचा वास अजून जात नाही. कपाटाचा खालचा खण उघडला, की पिवळा पडलेला तो जुना माऊस डोळ्यांच्या आधी नाकाला भेटतो. आणि तुम्हांला म्हणून सांगतो, तो टाकून द्यायला मी आजही धजत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, पेंटर होता. समुद्रपूरच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याचा श्रीकार तर पाहत राहावा! डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचं, श्वास रोखायचा, एका दमात ती डौलदार रेषा ओढायची आणि शेवटी कुंचला अलगद उचलायचा. मग त्या हाताला कंप सुटला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी निःसंदिग्धपणे सांगितलं, हा वाढतच जाणार. माझं तेव्हा कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचं दुकान होतं. हात पुरता जाण्याआधी दादानं एक श्रीकार पडद्यावर काढावा, म्हणजे तो प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर राहील, एवढीच माझी आकांक्षा. फार मागत होतो का हो मी?

दादा बसला आणि पडद्यावरचा बाण थरथरत सुटला. मी माऊसचं सेटिंग उघडलं, बाणाचा वेग कमी केला, अचूकता वाढवायच्या चौकटीत खूण केली. कंप थोडा निवळला, पण आता एका वेलांटीला अख्खं टेबल पुरेना. सवयीनं तो माऊस कुंचल्यासारखा उचलायचा आणि रेषा तिथंच तुटायची. संध्याकाळपर्यंत एखादा वेडावाकडा श्रीकार कसाबसा पुरा होई. मी तो पुसून टाकी, वेगाची खूण आणखी डावीकडे सरकवी आणि उद्या नीट येईल म्हणे.

एक दिवस बाण जागचा हलेना. माऊस उलटा केला, तर बाण फिरवणारी आतली रबरी गोळी फुगून घट्ट बसलेली, आणि भपकन रॉकेलचा वास! काम संपलं की कुंचले रॉकेलात धुवायचे, हा दादाचा जन्माचा नेम. ही गोळीसुद्धा तो रोज तितक्याच निगुतीनं धूत होता. मी भडकलो. गिऱ्हाइकांदेखत नको ते बोललो. नवा माऊस आणतो, वेग आणखी कमी करतो, म्हणत धडपडू लागलो. त्यानं माझं मनगट धरलं, तेव्हा त्याच्या कंपानं माझाही हात हलू लागला.

"बाणाले काऊन दोष देतं, लहान्या? हातच हलून राह्यला माहा. आता राहू दे."

तो पुन्हा दुकानात आला नाही. पुढं बाजारात फ्लेक्स आले, त्याच्या पाट्या एकेक करून भंगारात गेल्या, आणि एका उन्हाळ्यात तोही गेला. पत्रिकांवर मी अजून तयार श्रीकार छापतो. निष्कंप, नेमका, कोणाच्याच हातचा नसलेला. कसली अचूकता हवी होती मला? थरथरता का होईना, त्यातला एक तरी ठेवायचा होता! तो रोज माझी वस्तू धूत होता आणि मी रोज त्याचं अक्षर पुसत होतो. आता त्याच्या हातची एक रेषाही माझ्यापाशी नाही. खण उघडतो, वास घेतो आणि बंद करतो.