सतरंजी कोण उचलणार?

गावात कुठलाही कार्यक्रम ठरला की संयोजक आधी पाहुण्याचं नाव सांगतो. फळ्यावाले मामा ते नाव सगळ्यात शेवटी विचारायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "सतरंजी कोण उचलणार?" अंथरणार कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "अंथरायला काय, दहा जण पळत येतात," ते म्हणत. "मला उचलणाऱ्याचं नाव सांगा. नाव असंल तर खडू हातात घेतो, नसंल तर न्हाई."

मामांचं सायकलचं दुकान आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर होतं. जालना जिल्ह्यातलं आमचं हे गाव लहान आहे; कॉलेज, आठवडी बाजार आणि बसथांबा एवढ्यावर चालतं. कॉलेजने टाकून दिलेला एक फळा मामांनी दुकानाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ठोकून घेतला होता. वर ऑइलपेंटनं 'आगामी कार्यक्रम' असं लिहिलेलं, खाली रोज सकाळी साडेसहाला मामांचा खडू. वक्तृत्व स्पर्धा, हरिनाम सप्ताह, उरुसातली कव्वाली, रक्तदान शिबिर, कॉलेजचं स्नेहसंमेलन, सगळं एकाच मापाच्या अक्षरात. पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला अक्षर मोठं करा म्हणून कोणी आलं तर म्हणत, "आन सप्त्याच्या महाराजानं काय घोडं मारलं?"

त्या प्रश्नामागे एक लाज होती. मी गावात यायच्या आधीची गोष्ट. शिंपी गल्लीतल्या दिगंबरनं मला सांगितली. गावातल्या व्याख्यानमालेचं पहिलंच वर्ष. भाषण रंगलं, टाळ्या झाल्या, लोक उठून गेले. मामा एकटेच सतरंजीचं टोक धरून उभे. तेव्हा मंचावरून वक्ते खाली उतरले, धोतर सावरलं आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. सत्तरीचा माणूस, परगावाहून आलेला. "त्या दिवशी मामा जेवले न्हाईत," दिगंबर म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो प्रश्न सुरू झाला.

मी कॉलेजच्या कार्यालयात लिपिक. नोकरीला लागून सव्वीस वर्षं झाली. मला मोजायची सवय आहे. पायऱ्या, खिडक्यांचे गज, पंगतीतली पानं, काहीही. एका भाषणाला मी दाराशी उभा राहून माणसं मोजत होतो, हे मामांनी पाहिलं. "किती?" "एकशे सत्याऐंशी." "बराबर. मी बी तेवढेच मोजले." तेव्हापासून त्यांनी मला 'मोजणीदार' म्हणायला सुरुवात केली आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात कालच्या कार्यक्रमाचा आकडा यायला लागला.

आमचे नियम होते. सुरुवातीची मोजणी धरायची नाही, अर्ध्या तासानंतरची धरायची, कारण नुसतं तोंड दाखवायला आलेले तोवर निघून जातात. मांडीवरची मुलं धरायची नाहीत. माइकवाला धरायचा, कारण तो ऐकतो. पाहुण्याचा ड्रायव्हर आत येऊन बसला तरच धरायचा.

या आकड्यावरून भांडणं झाली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या सत्काराला 'हजारोंचा जनसमुदाय' असं छापून आलं आणि फळ्यावर २१२. दोन कार्यकर्ते मोटारसायकलवर आले. "मामा, एक शून्य वाढवा की. खडूला काय खर्चा येतो?"

"खर्चा काहीच न्हाई. तुमी डोकी आणा, शून्य मी फुकट घालतो."

त्यांनी आकडा पुसला. मामांनी पुन्हा लिहिला. त्यांनी तीन वेळा पुसला, मामांनी चार वेळा लिहिला. तोवर फळ्यासमोर गर्दी जमली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजणीदार, हे किती?" मी म्हणालो, "एकतीस." त्यांनी २१२ च्या खाली लिहिलं, 'आकडा पाहायला: ३१'. गर्दी हसली, कार्यकर्तेही हसले आणि गेले.

पण मला जास्त आठवतं ते दुसरंच भांडण. एका कविसंमेलनाचे मी १४३ लिहून दिले. सकाळी साडेसातला कॉलेजचे मराठीचे प्राध्यापक तावातावानं आले. "मी खांबामागे बसलो होतो. मला धरलेलं नाही. एकशे चव्वेचाळीस पाहिजेत." मामांनी जागच्या जागी तीनचा चार केला आणि मला म्हणाले, "पाहा, एका माणसासाठी माणूस भांडायला येतो. ह्याच्यासाठीच मी मरतो."

व्याख्यानमालेची सतरंजी मोठी होती, चोवीस फूट बाय अठरा. तिची घडी चौघांशिवाय होत नाही. चार टोकांना चार माणसं ठरलेली: मामा, दिगंबर, कॉलेजचे ग्रंथपाल आणि मी. मामा हुकूम सोडत. "झटका द्या. ढील न्हाई, ढील न्हाई! ओ मोजणीदार, कागद हाय का तो? जोर लावा." दिगंबर त्यांना चिडवी, "मामा, टोक सोडा आता, लग्नातला अंतरपाट न्हाई हा." धूळ उडायची, सगळे खोकायचे. मग सायकलच्या दुकानात बसून चौघं चहा प्यायचो. मामा म्हणत, "ऐकणारे कमी झाले तर मला भ्या न्हाई. उचलायला चार राह्यले पाहिजेत. ज्या साली चार न्हाईत, त्या साली फळा पुसायचा आन वरची अक्षरं बी खरडून टाकायची."

ऐकणारे कमी झालेच. माझ्याकडे एका वहीत सगळे आकडे आहेत. तीन दिवसांच्या मालेतल्या शेवटच्या दिवसाचे पाहिले तर ते तीनशेचाळीसवरून दोनशेवर आले, मग एकशेदहावर, मग चव्वेचाळीसवर. एखाद्या वर्षी वाढले असतील म्हणून मी वही पुन्हा तपासली. एकाही वर्षी वाढलेले नाहीत. कॉलेजच्या पटावर मुलं आहेत, पण वर्गात नाहीत. नाव कॉलेजात असतं आणि मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत पाळीवर. त्यांना मी बोल लावत नाही. बाकी गावाला मात्र घरी बसूनच सगळं दिसायला लागलं. "मामा, मोबाइलवर लाइव्ह पाह्यलं ना आमी, पूर्ण पाह्यलं," असं कोणी म्हणालं की मामा म्हणत, "बरं केलं. आता सतरंजी बी लाइव्हच उचला."

ग्रंथपाल निवृत्त होऊन मुलाकडे गेले. त्यानंतर त्यांचं टोक माइकवाला रफिक धरायचा, वायर गुंडाळता गुंडाळता. आणि दोन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. खडूचा हात गेला.

दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट होती. तिथून फळा दिसत नाही. मी रोज ऑफिसला जाण्याआधी फळा लिहायचो आणि आत जाऊन वाचून दाखवायचो. त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. "उचलणाऱ्याचं नाव घेतलं का?" मी हो म्हणायचो. खरं म्हणजे नाव विचारावं असं कोणी फळ्यापाशी येतच नव्हतं. फ्लेक्स लागायचे, मोबाइलच्या ग्रुपवर चित्रं फिरायची. मी ती बघून फळ्यावर उतरवत होतो.

या वर्षी व्याख्यानमाला होणार की नाही इथपासून प्रश्न होता. मामांनी हट्ट धरला. कॉलेजने सभागृह दिलं, वक्ते मिळाले. शेवटच्या दिवशी भाषण संध्याकाळी पाचला होतं. साडेपाचला मी मोजलं. अकरा. त्यात मी, रफिक आणि आत येऊन बसलेला पाहुण्यांचा ड्रायव्हर धरून अकरा. पुन्हा मोजलं, तरी अकराच. वक्ते चांगले बोलले. त्यांनी एवढ्या लोकांसाठी एक तास आवाज लावला, याचं मला फार वाईट वाटत राहिलं.

सव्वासहाला सगळे गेले. रफिकला टेंभुर्णीला हळदीच्या कार्यक्रमाला स्पीकर पोचवायचे होते. तो दोनदा म्हणाला, "साहेब, थांबतो ना," आणि दोन्ही वेळा घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणालो, जा. दिगंबर त्या दिवशी आलाच नव्हता. मी एकटा राहिलो. एक टोक उचलून दुसऱ्या टोकाकडे घेऊन गेलो, तोवर मधला भाग फरशीवर चुरगळून पडला. पुन्हा पसरलं. गुडघ्यांवर बसून गुंडाळून पाहिलं. ती वाकडी गुंडाळली जाऊन भिंतीला टेकली. शेवटी ढकलत ढकलत ती भिंतीशी लावली आणि घडी न घालताच सोडून आलो.

मामा जागेच होते. सूनबाईंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं.

"किती?"

इतक्या वर्षांत मी जाणूनबुजून आकडा चुकीचा सांगितला नव्हता. मी म्हणालो, "एकसष्ट."

ते माझ्याकडे बघत राहिले. "उचलायला?"

"चार."

"कोन कोन?"

"मी, रफिक, कॉलेजचा शिपाई..." चौथं नाव मला पटकन सुचेना. "आणि दिगंबर."

"दिगंबर आल्ता?"

"हो."

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, बरं वाटलं त्यांना. मग म्हणाले, "बराबर. मंग सकाळी फळ्यावर लिहा. लोकायला कळू द्या."

रात्रभर मी स्वतःला समजावलं की आजारी माणसाचं मन राखलं. सकाळी कोपऱ्यात ६१ लिहिलं. सहा नीट आला नाही म्हणून पुसून पुन्हा काढला. मला धाकधूक होती. त्या अकरांपैकी कोणीतरी बघेल, थांबेल, म्हणेल, अहो, एकसष्ट कुठले? दहाच्या सुमाराला त्यांतलेच एक, निवृत्त शिक्षक, फळ्यासमोर थांबले. चष्मा वर करून वाचलं. मला म्हणाले, "वा! छान झाली म्हणायची यंदा." आणि भाजीची पिशवी घेऊन पुढे गेले. ते स्वतः तिथे दुसऱ्या रांगेत बसले होते.

त्यानंतर रोज मामा एकच विचारायचे. "फळ्याचं कोणी काही म्हणलं का?" मी सांगायचो, "नाही मामा, कोणी काही म्हणालं नाही." काही दिवसांनी मला वाटलं, त्यांना कौतुक ऐकायचं असेल. मग मी म्हणायला लागलो, "सगळे खूश आहेत. एकसष्ट म्हणजे चांगलाच आकडा म्हणतात." हे ऐकलं की ते भिंतीकडे तोंड वळवत. एकोणीस दिवस त्यांनी विचारलं. विसाव्या दिवशी सकाळी गेले.

ग्रुपवर हात जोडल्याची दोनशे चौदा चिन्हं आली. स्मशानात आम्ही सतरा होतो.

दहाव्याचा विधी आटोपून परत येताना दिगंबर माझ्याबरोबर चालत होता. मग म्हणाला, "साहेब, एक सांगू का? राग धरू नका. भाषणाच्या दिवशी मी यायला निघाल्तो. पण मामाला लई एकटं वाटून राह्यलं म्हणून सूनबाईनं बोलावलं. पाचपासून साडेसहापर्यंत मी त्यांच्या खाटेपाशीच होतो."

मी थांबलो. "म्हणजे मामांना माहीत होतं?"

"तुमी माझं नाव घेतलं तवाच. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं त्यांनी. मी म्हणलं, मंग बोलले का न्हाई मोजणीदाराला? तर म्हणले, 'लिहू दे त्याला. फळ्यावर खोटं आलं, तर गावातून कोणी तरी भांडायला येईल. एक जरी आला तरी फळा ठेवायचा.' मी म्हणलं, मीच जातो भांडायला. तर म्हणले, 'तू न्हाई. तुला आधीच ठाऊक हाय, तू गेला तर ते धरायचं न्हाई.'"

एकोणीस दिवस तो माणूस एका भांडणाऱ्याची वाट बघत होता, आणि मी रोज जाऊन सगळे खूश असल्याचं सांगत होतो. खांबामागचा एक माणूस राहिला म्हणून भांडायला येणारं गाव त्यांना अजून एकदा पाहायचं होतं. पन्नास माणसं जास्त लिहिली होती, तरी कोणी आलं नाही. आणि मीही त्या गावातलाच.

वरची अक्षरं खरडून टाकायला मामांनी सांगून ठेवलं होतं. मी दोनदा खरडायला पत्र्याचा तुकडा घेऊन गेलो, पण ते माझ्या हातून झालं नाही. दुकान आता बंद आहे. सूनबाई जागा भाड्यानं देणार आहेत. सतरंजी अजून सभागृहाच्या भिंतीशी तशीच वाकडी पडली आहे. दिगंबर आणि मी, दोघांनी तिची घडी होत नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फळ्यापाशी गेलो. ६१ पुसले आणि ११ लिहिले. त्याला आता दोन महिने होतील. पावसाचं पाणी लागत नाही त्या कोपऱ्याला, आकडा स्वच्छ दिसतो. एकसष्टचे अकरा कसे झाले, हेही मला अजून कोणी विचारलेलं नाही.