अल्फोन्स पिओन्टेक आणि न दिसणारी निळी

हेर्नमधल्या एका बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारी दहा-बारा माणसं जमतो. जानेवारीच्या बैठकीत एक प्रश्न टेबलाभोवती फिरतो. पाळून पस्तावलात अशी जात कोणती? पुन्हा कोणती घरात आणणार नाही? मग एकेकाला कंठ फुटतो. बस चालवणारा डेटलेफ गोलायथचं नाव घेतो. ताटाएवढी ती बया मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते, आणि तीन दिवस माणूस अंग खाजवत बसतो. कुणी नारिंगी बबूनचं नाव घेतं, झाकण उघडताच हातावर चढून आलेली. माझं उत्तर ठरलेलं असे. कोबाल्ट निळी. दोन वर्षं मी मातीनं भरलेली पेटी पाळली, असं म्हटलं की सगळे पोट धरून हसायचे.

अल्फोन्स पिओन्टेक हसायचे नाहीत. ते उत्तरही द्यायचे नाहीत. बटाट्याची कोशिंबीर संपवायचे, तोंड पुसायचे आणि ज्यानं सगळ्यात जास्त नाकं मुरडली असतील त्याला विचारायचे, "मग ती आता कुठे आहे?" पुढच्या आठवड्यात ती त्यांच्या घरी असायची. डेटलेफ त्यांच्या मागच्या खोलीला नकोशींचा आश्रम म्हणायचा.

हा माणूस एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरला होता. गुडघे गेलेले, छातीत कायमची घरघर. त्यांच्या गल्लीतले बाकीचे निवृत्त खाणकामगार शर्यतीची कबुतरं पाळतात, आणि कुंपणावरून टोमणे मारतात. एकदा माझ्यासमोरच शेजाऱ्यानं विचारलं, "काय अल्फोन्स, तुझी सोडली तर परत येते का?" अल्फोन्स शांतपणे म्हणाले, "माझी जातच नाही कुठे. तुझ्यासारखं आभाळाकडे बघत मान मोडून घ्यावी लागत नाही."

त्यांची सगळ्यात लाडकी होती एक कोबाल्ट निळी. माझी नव्हे, दुसरी. अकरा वर्षांपूर्वी एका विद्यार्थी जोडप्यानं त्यांना फुकट दिलेली. ही जात ब्रह्मदेशाकडची. हात कोपरापर्यंत जाईल एवढं खोल बीळ खणते आणि त्यातच आयुष्य काढते. रागीट इतकी की पाणी ओतायला गेलं तर पाण्याच्या धारेला चावते. अकरा वर्षांत अल्फोन्सनी तिला नऊ वेळा पाहिलं होतं, तेही तांबड्या दिव्यात, जिथे निळा रंग काळाच दिसतो. पांढरा दिवा तिला खपत नाही, म्हणून त्यांनी तो कधी लावला नाही. रोज संध्याकाळी पाच वाजता, कॉफी झाली की, ते स्टूल घेऊन पेटीसमोर बसायचे. पाव तास. बिळाच्या तोंडाशी जाळ्याचा एखादा नवा धागा दिसला की दिवस सार्थकी लागला.

मी गाडी शिकवते. माझा पाय आयुष्यभर शिकाऊच्या शेजारच्या दुसऱ्या ब्रेकवर आहे आणि उतावीळपणा माझ्या पाचवीला पुजलेला. मला हा माणूस कळायचा नाही. एकदा मी विचारलं, दिसत नाही त्याच्यासमोर बसून मिळतं काय? ते म्हणाले, "आन्के, ती आत आहे ना? मग झालं."

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. त्यांची बायको इर्मगार्ड घरातच होती, पण तिनं त्या खोलीत अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कोळी आणि मी एका छपराखाली राहू, एका खोलीत नाही, ही तिची अट होती. शुक्रवारी सगळ्यांना रातकिडे टाकायचे, पाणी भरायचं, एवढंच माझं काम. पण नेमकं त्याच आठवड्यात निळीनं बिळाचं तोंड आतून माती आणि जाळं लिंपून बंद केलं होतं.

असं बंद झालं की दोनच अर्थ. एक तर ती आत कात टाकते आहे, किंवा मरायला बसली आहे. बाहेरून काही कळत नाही. थांबायचं, एवढंच. कात टाकताना ती उताणी पडते, अंग लोण्यासारखं मऊ असतं, आणि नुसतं बोट लागलं तरी फाटतं.

हे मला चांगलंच माहीत होतं. मंडळात मी आजवर खोटं बोलत आले होते. माझी निळी मला कंटाळवाणी झाली म्हणून मी दिली नव्हती. तिनं बीळ बंद केलं, तीन महिने उघडलं नाही, आणि एका रविवारी माझ्या जिवाची घालमेल सोसवेना म्हणून मी चमच्यानं उकरलं. ती आत जिवंत होती. अर्धी कात उतरलेली. पाय पांढरेफटक. माझ्या चमच्यानं तिचं पोट फुटलं, आणि ती संध्याकाळपर्यंत हलत होती. तेव्हापासून मी 'पुन्हा नाही' म्हणते आणि लोक हसतात.

इस्पितळात मी आठवड्यातून दोनदा जायचे. नाकात प्राणवायूची नळी, बोलताना धाप. डॉक्टरांनी इर्मगार्डला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नाताळपर्यंत घरी जातील असं धरून चालू नका. अल्फोन्स दर वेळी एकच विचारायचे, "उघडलं?" मी म्हणायचे, नाही. ते मान हलवायचे. पाचव्या आठवड्यात मात्र त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आहे ना गं ती? एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

ज्या माणसानं अकरा वर्षं काही मागितलं नाही, त्यानं एवढं मागितलं. मी तिथून निघाले ती थेट त्यांच्या घरी. वाटेत दोन पिवळे सिग्नल तोडले, आणि मी गाडी शिकवते. स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा चमचा घेतला आणि मागच्या खोलीत शिरले. माझं गणित सोपं होतं. या वेळी हलक्या हातानं, बाजूनं, काचेला लागून उकरायचं. आत एक पाय जरी दिसला तरी पुन्हा बुजवून टाकायचं, आणि म्हाताऱ्याला सांगायचं. पेटीचं झाकण काढलं. चमचा मातीला टेकवला.

"ठेव तो खाली."

इर्मगार्ड दारात उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर, पण आवाज असा की मी चमचा मागे घेतला. मी तिला सगळं सांगून टाकलं. माझ्या निळीचंही. ती ऐकत राहिली आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत आली. आठ पेट्यांकडे न बघता सरळ त्या स्टुलावर बसली.

म्हणाली, "एकोणऐंशी साली खाणीचं छत बसलं. हा आत होता. वरून पाइपवर ठोकत होते, आणि आतून पहिला पूर्ण दिवस काही आवाज नाही. तरणी पोरं म्हणत होती, सरळ उकरू. म्हातारा मुकादम ऐकेना. म्हणाला, घाईनं उकरलंत तर उरलेलं छत त्याच्यावर पाडाल. एक एक ओंडक्याचा टेकू लावत गेले ते. एक्कावन्न तास. मी फाटकाशी बसले होते. पोरी, तुला वाटतं मला चमचा घेऊन धावावंसं वाटलं नसेल?"

मी म्हटलं, अल्फोन्सनी हे कधी सांगितलं नाही.

"छत पडलं हे सांगत नाही तो. आणि मी बसले होते हे त्याला माहीतच नाही. तू सांगायचं नाहीस."

चमचा मी धुऊन खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी गेले तर इर्मगार्ड स्टुलावर आधीच बसलेली. हातात विणकाम, तांबडा दिवा चालू. मला म्हणाली, कॉफी किटलीत आहे. मी एक खुर्ची ओढून घेतली. त्यानंतर माझ्या शिकवण्या संपल्या की मी रोज तिथे जाऊ लागले. आम्ही फारसं बोलायचो नाही. ती अधूनमधून त्या बंद बिळाला शिव्या घालायची, ठेवणीतल्या, खाणकामगारांच्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते झालं. पाच वाजले होते, बाहेर काळोख पडलेला. मातीचं ते झाकण आतून थरथरलं. इर्मगार्डच्या सुया थांबल्या. एक खडा गळून पडला, मग दुसरा, आणि त्या भोकातून एक पाय बाहेर आला. हवेत थांबला. अगदी हळू त्यानं कडेची माती चाचपली. मग दुसरा पाय, आणि मग ती सगळीच्या सगळी बाहेर आली आणि बिळाच्या तोंडाशी उभी राहिली, माझ्या पंज्याहून मोठी. मागे तिची जुनी कात पडली होती, बोटाबोटांनिशी उतरवलेल्या हातमोज्यासारखी.

आणि इर्मगार्डनं, जिला आमचे कुठलेच नियम माहीत नव्हते, नीट दिसेना म्हणून उठून मोठा पांढरा दिवा लावला.

मी वीस वर्षं कोळी पाळते आहे. असा निळा मी पाहिलेला नाही. तो रंग तिच्या अंगावर नव्हता, अंगातून येत होता. जेमतेम एक श्वास. मग ती गेली, पाणी मोरीत ओढलं जावं तशी बिळात ओढली गेली. खोलीत फक्त आम्ही दोघी आणि एक उघडं भोक. मला रडू आलं. इतकी सुंदर गोष्ट आंधळ्या मातीत बसून, कुणासाठीही नाही, कुणाला दाखवायचीही नाही, सात आठवडे घडत होती. आणि मी एकदा असलीच एक चमच्यानं फोडली होती. इर्मगार्ड भिंतीला हात टेकून उभी होती. ती म्हणाली, "कोट आण माझा."

माझ्या शिकवणीच्या गाडीतून, छतावरच्या पाटीसकट, आम्ही इस्पितळात गेलो. भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं होती. अल्फोन्स उशीला टेकून बसले होते. त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि विचारलंच नाही.

"बाहेर आली," इर्मगार्ड म्हणाली. "निळी आहे. एवढी निळी असते हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मला तरी कुठे दिसली तशी." त्यांच्या लक्षात आलं. "दिवा लावलास तू?"

"लावला."

"दिवा लावायचा नसतो, इर्मगार्ड."

"मला काय माहीत. दोन आठवडे रोज त्या अंधारात बसून डोळे फुटायची वेळ आली."

अल्फोन्सचा चेहरा बदलला. त्या नळीतून हवेचा बारीक आवाज येत होता. "तू बसलीस? त्या खोलीत?"

ती त्यांचं पांघरूण सारखं करायला लागली. ते सारखंच होतं. मग हात थांबवून म्हणाली, "खाणीच्या फाटकाशीही बसले होते. एक्कावन्न तास. तुला म्हटलं होतं ना, घरी झोपले होते म्हणून. नव्हते झोपले."

मला तिथून बाहेर जायला हवं होतं, पण मी गेले नाही. अल्फोन्सनी पांघरुणावरचा तिचा हात धरला.

"इर्मगार्ड, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पुन्हा खाली उतरलो नसतो."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तीन मुलं होती आपल्याला."