सतरा नंबरच्या गाईचा वळू

वळूने मालकाला उचललं तेव्हा मी फाटकापाशी उभी राहून गुरांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर वहीत लिहीत होते. ओरडणं ऐकू आलंच नाही. लोखंडी कठड्यावर माणूस आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग, पायाखाली वाळकी फांदी मोडावी तसा दुसरा. मान वर केली तर मालक चिखलात पडलेले आणि वळू त्यांच्या छातीला डोकं लावून रेटत होता. ती जात बिनशिंगाची. सातशे किलोचं धूड नुसत्या कपाळाने माणूस चिरडत होतं.

तो वळू मी निवडला होता.

मी ख्राइस्टचर्चजवळ शेतकी कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हॉर्नबी या उपनगरात खोली घेऊन राहते आणि शनिवार-रविवारी तासाभरावरच्या या फार्मवर काम करते. इथे मांसासाठी गुरं पैदा करतात. आई फोनवर विचारते, "दूध किती देतात गं?" मी विषय बदलते.

गेल्या वर्षी मालकांनी कळपाचं नियोजन मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी करायला दिलं. कोणत्या गाई ठेवायच्या, कोणत्या कत्तलखान्यात पाठवायच्या, पहिलटकरणी कालवडींना कोणता वळू लावायचा. सतरा नंबरच्या गाईचं वासरू जन्मताना लहान होतं, मग झपाट्याने वाढलं. कालवडींना असाच वळू हवा, म्हणजे वासरू अडकत नाही. त्याच्या सोबतच्या सगळ्या गोऱ्ह्यांना रबराची कडी लावून खच्ची केलं. ते पाय झाडत होते, मी त्यांना दाबून धरलं होतं. याला मात्र मी मागून घेतलं.

"स्वीट ॲज, मेट," मालक म्हणाले होते, म्हणजे झकास, चालेल. "तुझा वळू. बिघडला तर तुझ्या नावाने शिव्या घालीन."

गावाकडे माझे बाबा बैलगाडीने कारखान्यावर ऊस नेतात. गाडी जुंपण्याआधी ते प्रत्येक बैलाच्या कपाळावर तळहात घासतात. मीही लहानपणापासून तेच करत आले. या वासराला आईपासून तोडलं तेव्हा ते दोन दिवस हंबरत होतं, म्हणून मी कठड्यातून हात घालून त्याचं कपाळ खाजवलं. पुढे तर मी जिभेने टकटक केलं की ते धावत यायचं आणि माझा हात डोक्याने मागे ढकलायचं. मला ती माया वाटायची. आमच्याकडचे बैल सगळे खच्ची केलेले, हे माझ्या मनातही आलं नाही. घडल्या प्रकाराच्या महिनाभर आधी वर्गात सरांनी सांगितलं की वळूचं कपाळ कधीही चोळू नये. त्याने तो रेटारेटी शिकतो आणि माणसाला दुसरा वळू समजतो. मी ते वहीत उतरवून घेतलं. खाजवणं बंद केलं. पण मालकांना काही सांगितलं नाही. लाज वाटली.

आणि आता मालक त्याच्याखाली होते.

मी प्लास्टिकचा पाइप घेऊन कठड्यातून त्याच्या पाठीवर मारत सुटले. पाइप फाटला, पण वळू मागे फिरूनही बघेना. मालकांच्या तोंडातून लाल फेस येत होता. मालकीणबाई घरातून बंदूक घेऊन धावत आल्या, पण नेम धरता येईना.

"त्याला हलव तिथून!" त्या किंचाळल्या. "काहीही कर!"

मी कठड्याच्या कडेने लांब सरकले, जिथे त्याच्यामागे नुसती टेकडी येईल आणि गोळी चुकली तरी कुणाला लागणार नाही. आणि जिभेने टकटक केलं.

त्याने डोकं उचललं. कपाळ मालकांच्या रक्ताने माखलेलं होतं. तो चालत माझ्याकडे आला आणि नेहमीसारखं कपाळ पुढे केलं. मी हात ठेवला. गरम होतं.

"हात काढ," मालकीणबाई म्हणाल्या.

मी काढला. माझा हात होता तिथेच गोळी लागली. चारही पाय एकदम दुमडले. नाकातून रक्ताची धार आली, आणि त्यांनी दुसरी गोळी घातली.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. मालकांच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसात नळी होती. मालकीणबाई बाजूला बसल्या होत्या. त्यांनी मला कळपाची वही आणायला सांगितली होती.

"लिही," मालक धापा टाकत म्हणाले. "सतरा नंबर आणि तिच्या दोन्ही कालवडी. सोमवारचा कत्तलखान्याचा ट्रक. कारण, स्वभाव. हे रक्तातूनच येतं."

सतरा नंबरने आजवर कुणाला लाथही मारली नव्हती. मी 'स्व' लिहिलं. पुढचं लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"रक्तातून नाही," मी म्हणाले. "मी त्याचं कपाळ खाजवायचे. दीड वर्ष."

"काय?"

"कपाळ. हाताने, असं."

"कुणी सांगितलं नाही तुला, मूर्ख पोरी?"

"सांगितलं. महिन्यापूर्वी, कॉलेजात."

"आणि मला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पाण्याचा पेला फेकून मारला. तो माझ्या गळ्याच्या हाडावर लागला. तेवढ्याने त्यांनाच कळ आली आणि ते कण्हत वाकले. मालकीणबाईंनी मला दाराकडे बोट दाखवलं.

दारात पोचले तेव्हा मागून आवाज आला. "सतराला राहू दे. तिच्या पोरींनाही."

"आणि मी?"

"ते मला विचारू नकोस आत्ता."

सोमवारी मालकीणबाई मला फार्मवर न्यायला आल्या. ट्रक दुसऱ्या म्हाताऱ्या गाई भरून गेला. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत बसतील.

ट्रक गेल्यावर सतरा नंबर कुंपणाशी आली आणि डोकं पुढे करून उभी राहिली. मी हात खिशात घातले आणि तिचा नंबर वाचला.