पाणी पिऊन गाडीत बसणार

येडशीच्या जंगलात वाघ आलाय अशी बोलवा झाली. तो पार टिपेश्वरच्या अभयारण्यातनं चालत आला म्हणे. ते ऐकून माझी थोरली बहीण म्हणाली, "वाघ तिकडनं इथवर पायी आला. आपल्याला गाडीत बसून त्याच्या गावाला जायला काय झालं?"

आक्का ऐंशीची, तेरला राहते. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, धाराशिवला एकटाच. बायको जाऊन वरीस झालं. पोरानं त्याची जुनी गाडी माझ्या दारात आणून लावली, फिरवत जा म्हणाला. मी ती नुसती पुसायचो. आक्काला खरंच वाघ बघायचा होता का मला घरातनं बाहेर काढायचं होतं, ठाऊक न्हाय. पण ठरलं. आठ दिवस, आपली गाडी, सावकाश.

तिच्या ओसरीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी बेत लिहायला घेतला. शाळा चौथीपर्यंतच, पण रस्ता लिहायला तेवढी पुरते. पहाटे पाचला तेर सोडायचं. सातच्या आत लातूर, उभ्या उभ्या चहा. अकराच्या आत नांदेड.

आक्का म्हणाली, मला वाघाला भेटायचंय, त्याला पकडायचं न्हाय. मग विचारलं, मधी उतरायचं कुठं?

मी मान वर न करता म्हणालो, "सकाळपास्नं पाणी पिऊ नका, आक्का. मग उतरायची भानगडच न्हाय."

आक्कानं माझा लिहिता हात धरला. मग म्हणाली, "बायकोला बी असंच सांगायचास व्हय?"

व्हय. असंच सांगायचो.

उभा जन्म मी धाराशिव-तेर काळीपिवळी जीप चालवली. स्टँडवर जीप भरायला दीड-दोन तास लागायचे. बायको आक्काकडं निघाली की तिला मागच्या फळीवर सगळ्यात आत बसवायचो. पुढची सीट गिऱ्हाइकाची. आतलं माणूस उतरायचं म्हणजे आधी चौघांनी उतरायचं, तेवढ्यात मागच्याची जीप आमचा नंबर मारून आधी सुटायची. म्हणून पाणी पिऊ नको. तीही प्यायची न्हाय. उन्हाळ्यातसुद्धा.

आक्कानं मग सांगितलं ते मला कधीच ठाऊक नव्हतं. जीपमधनं उतरली की बायको कुणाशी न बोलता आधी घरामागं जायची. आली की रांजणापाशी उभ्यानंच दोन तांबे पाणी प्यायची. "मला वाटायचं, हिला आमचं पाणी ग्वाड लागतंय," आक्का म्हणाली.

मी तिथंच मेल्यासारखा झालो. कारण याच गोष्टीचा मी तोरा मिरवला होता. स्टँडवर इतर ड्रायव्हरांना सांगायचो, आमच्या मंडळीनं एकदाही जीप थांबवायला लावली न्हाय. तिच्या दहाव्यालाही तेच बोललो. मला ते कौतुक वाटलं. बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मी समजलो, त्यांना रडू आलं.

आक्कानं कॅलेंडर माझ्याकडं सरकवलं. "मी पाणी पिऊन बसणार. चालत असलं तर ने. न्हायतर जा एकटाच."

दोन दिवसांनी मी एकटाच गाडी घेऊन लातूरच्या रस्त्याला लागलो. दिसेल त्या हॉटेलात, पंपावर थांबून विचारायचं होतं की बायकांसाठी सोय हाय का. पहिल्या दोन ठिकाणी नुसता चहा पिऊन निघालो. आयुष्य रस्त्यावर गेलं, पण तेवढं विचारायला जीभ उचलंना. मुरुडच्या अलीकडं एका हॉटेलात भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कसंबसं विचारलं. तिनं गाडीकडं बघितलं. पुढच्या सीटवर माझी टोपी तेवढी होती.

"बाईमाणूस कुठं हाय?"

"यायचंय," म्हणालो.

तिनं मागं नेऊन दाखवलं. मी आत जाऊन कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला. मग बेत नव्यानं लिहिला. मुरुडच्या अलीकडं थांबा, कडी हाय, पाणी हाय. लातूरला थांबा. पुढं चाकूर, अहमदपूर, लोहा, तिथं बघून. नांदेडला मुक्काम.

आक्काला वाचता येत न्हाय, म्हणून मी वाचून दाखवलं. तिनं बोटांवर थांबे मोजले.

"अजून एक घाल," म्हणाली.

मी घातला.